वडीतलं पाणी

४ जून

वहिनी,

आणि वर म्हणता की मी पळून गेलो. पळून गेलो नाही. दादाने दारात उभं राहून, समोरचा इस्त्रीवाला ऐकत असताना, मला कामचुकार म्हटलं, फुकटखाऊ म्हटलं. जराशी लाज असलेला माणूस अशा घरात थांबत नाही. तुम्ही तिथेच होतात, भांडी विसळत होतात. एका शब्दाने दादाला थांबवलं नाहीत. दीड वर्षाने पत्र येतं आणि त्यात अर्धं पान माझा उद्धार, अर्धं पान साबण. उद्धार पुरे झाला. साबणाचं बोलू.

तुमच्या साबणाला घाम सुटतो यात माझा काय दोष? "हे खूळ तूच घरात आणलंस, आता तूच निस्तर," असं लिहिलंत. खूळ मी आणलं हे खरं. साबणाची ती पांढरी लादी बाजारातून मीच आणली होती. तुकडे करा, वितळवा, रंग घाला, वास घाला, साच्यात ओता, झाला साबण, असं मीच सांगितलं होतं. आठ दिवसांत तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करायला लागलात, हेही खरं.

आता ऐका. घाम म्हणजे साबण नासला असं नाही. लादीत ग्लिसरीन असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. लवकर गार व्हावेत म्हणून तुम्ही साचे फ्रिजमध्ये ठेवत असणार. ठेवू नका. बाहेर काढले की त्यावर थेंब जमणारच. साध्या हवेवर गार होऊ द्या आणि साच्यातून काढल्या काढल्या पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. चहा घेऊन येते आणि मग गुंडाळते, असं नको. घाम आलेले आहेत ते पुसून पंख्याखाली ठेवा, वाळले की गुंडाळा. फेकू नका.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मी पुस्तक कधी वाचलं. मी इथे साबणाच्याच कारखान्यात आहे. तुम्हाला माहीत नव्हतं कारण मी कळवलं नव्हतं. इस्त्रीवाल्याच्या मेहुण्याकडून तुम्ही पत्ता काढलात, ते मला कळलं.

प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंनी नव्वद साबण आणि अंगाला चोळायच्या नव्वद लोशनच्या वड्या मागितल्या, बाळंतिणींना घरी जाताना द्यायला. साबणाला तुम्ही हो म्हणालात, वड्यांना नाही. "मेण आणि तेल वितळवायला हात पुढे होत नाही. एका लेकराचं झालं तेवढं पुरे." शिंपीणबाईंच्या बाळाचं झालं ते झालं. कशाने झालं हे आता कोण सांगणार.

टिकलीला सांगा, काकाला मिशी फुटली आहे, पण एकाच बाजूला.

तुमचा,
भिंगरी
(हे नावही तुम्हीच ठेवलेलं.)


२१ जून

वहिनी,

पत्र मिळालं. घाम थांबला म्हणता, पण माझं नाव कुठे घेतलं नाहीत. असो. घाम थांबला तो प्लास्टिकने, माझ्या तोंडाने नाही.

आता दोन रंगांचे थर सुटतात. खालचा गुलाबी, वरचा पांढरा, आणि नर्सबाईंनी नमुना हातात घेताच पांढरा टोपीसारखा निघून आला. त्या हसल्या आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे आमच्याकडेही हे होतं, तेव्हा कोणी हसत नाही, नुसती कपात होते. खालचा थर पार गार होऊ दिलात, म्हणून तो वरच्याला धरत नाही. वर साय धरावी इतपत घट्ट झाला, बोट लावलं तर दबेल पण फुटणार नाही, की काट्याने हलकेच ओरखडे काढा, त्यावर स्पिरिट फवारा आणि मग दुसरा थर ओता. दुसरा थर उकळता नको, नाहीतर खालचा विरघळून रंगाचा चिखल होईल. पातेल्याला हात लावल्यावर सोसेल एवढाच. वरच्या बुडबुड्यांवरही तेच स्पिरिट. ढवळताना चमचा घुसळू नका, सावकाश फिरवा. तुम्ही रागात असलात की घुसळता.

आमच्याकडे नाकवाले काका म्हणून एक आहेत. खरं नाव कोणी घेत नाही. प्रत्येक घाण्याचा वास तेच घेतात, आणि वास घेताना डोळे असे मिटतात की नवीन माणसाला वाटतं चक्कर आली. माझ्या पहिल्याच दिवशी मी त्यांना धरायला धावलो. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर जीव आहे किंवा राग आहे, नक्की कळत नाही. त्यांच्या खोलीत एक लाकडी फळी आहे. प्रत्येक घाण्यातली एक वडी तिथे तारीख लिहून वर्षभर ठेवतात. कोणी तक्रार घेऊन आलं की तीच तारीख काढून बघतात. तिला साक्षीची फळी म्हणतात. ही पद्धत चांगली आहे. तुम्हीही खिडकीत एकेक ठेवत जा.

त्या फळीच्या कोपऱ्यात मीही एक वडी ठेवली आहे, कारखान्याची नव्हे, मी केलेली. कसली ते विचारू नका.

नर्सबाईंनी वड्यांचं परत विचारलं आणि तुम्ही परत नाही म्हणालात. वहिनी, दुसरीकडून घेऊ म्हणाल्या तर साबणही जातील. तुम्हाला कळतं ते, मी काय सांगू. पण दादा म्हणतो तसं "सोडून दे ते सगळं" म्हणू नका. दादा सगळ्या पेठेची कुलपं उघडून देतो आणि घरात प्रत्येक गोष्टीला कुलूप घालतो.

भिंगरी


११ जुलै

वहिनी,

"सहावी नापास मला शिकवणार" असं तुम्ही लिहिलंत. नापास नाही, सहावीतून उठलो. त्यात फरक आहे.

शिकवत नाही, पण लादी रबरासारखी झाली, चिवट, पिवळट, तार धरणारी, ती तुमच्याच हाताने झाली. सरळ आचेवर ठेवलीत. घाई होती म्हणता. घाई तर माझी, तुमची कधी होती? खालच्या पातेल्यात पाणी, त्यावर दुसरं पातेलं, त्यात लादीचे तुकडे, मंद आच, झाकण. उकळी फुटता कामा नये. करपलेल्या लादीचा साबण होत नाही. तिची भांडी घासा. आणि वास जास्त घालू नका. शंभराला दोन, फार तर तीन. जास्त घातला की साबण तेलकट होतो आणि डोकं धरतं. तुम्हाला वाटतं दुप्पट वास म्हणजे दुप्पट चांगलं, तसं नाही.

भांड्यांचं लिहिता लिहिता तुम्ही असं लिहिलंत की हल्ली प्रत्येक पातेलं तीनदा घासता, एकदा उकळत्या पाण्याने, तरी मन खात नाही. शिंपीणबाईंच्या वड्यांच्या वेळी पातेलंच नीट धुतलं गेलं नसणार, वड्यांत ते काळे ठिपके त्याचेच, असं तुम्ही धरून चालला आहात. दीड वर्ष तेच.

इथे परवा एक गोष्ट झाली ती सांगतो. साक्षीच्या फळीवरची एक वडी नाकवाले काकांना दिसली, तारीख होती पण त्या तारखेला तसा घाणा काढलाच नव्हता. लोशनची वडी. त्यांनी ती सुरीने मधोमध कापली. आत राखाडी बुरा आणि बारीक काळे ठिपके. त्यांनी नाकाशी नेली आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. सगळ्यांना विचारलं, कुणाची.

"कोरफडीचा गर घातलाय यात," काका म्हणाले. "ताजा. पाण्यासकट. तेलामेणाच्या वडीत पाण्याचा थेंब म्हणजे किडीला घर बांधून देणं. ही वडी मोठ्या माणसाच्या तळहाताला चालली तर चालली. लहान बाळाच्या मांडीला लावली तर काय होईल?"

एकाने विचारलं, काय होईल.

"फोड. मग पू. मग दवाखाना."

तेवढंच. वडी एका कामगाराने केली होती म्हणे. नवीन असेल. आज बोट भाजलं आहे, जास्त लिहवत नाही.

भिंगरी


१९ जुलै

वहिनी,

बोट भाजलं नव्हतं.

मी हे पत्र बसून लिहीन म्हणून तीनदा बसलो आणि तीनदा उठून गल्लीच्या टोकाला जाऊन आलो. आता खोलीतले दोघे कामावर आहेत, मला सुट्टी आहे, दार आतून लावलं आहे. तुमच्या सासूबाई म्हणजे माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हापासून मला ज्या हाताने भरवलंत, घासून पुसून शाळेत पाठवलंत, त्या हाताबद्दल हे पत्र आहे. म्हणून पूर्ण वाचा. मध्येच दादाला बोलावू नका.

ती वडी मी केली होती. इथली पण आणि तिथली पण.

तुमच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, तुम्ही चार दिवस माहेरी गेला होतात. शिंपीणबाईंच्या दुकानात विकायला चोवीस वड्या द्यायच्या होत्या. तुम्ही पातेली घासून, साचे मांडून गेलात, वितळवून ओतायचं काम माझं. मेण, तेल, अंगाला लावायचं बटर सारखं सारखं, हेही फळ्यावर टिकलीच्या खडूने लिहून गेलात. मेण कमी पडलं. बटरही डब्यातून सगळं निघेना. वितळवलं तेव्हा साचे निम्मेच भरले. मला वाटलं, खिडकीतल्या कुंडीत कोरफड आहे, कोरफड अंगाला चांगलीच, लोक चेहऱ्याला लावतात. चार पानं कापली, गर काढला, त्यात थोडं पाणी घालून घुसळला आणि वड्यांत ओतला. वड्या भरल्या. दिसायला तुमच्यापेक्षा गुळगुळीत. मला अभिमानही वाटला, खोटं का बोलू. पातेलं मी पुन्हा स्वच्छ घासलं होतं. तुमच्या पातेल्यात काहीही नव्हतं, वहिनी. कधीच नव्हतं.

तुम्ही आल्यावर मी काही बोललो नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

तीन आठवड्यांनी शिंपीणबाई आल्या, तो दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पण मी कुठे होतो ते तुम्हाला माहीत नाही. मी आतल्या दाराच्या मागे होतो. दादाच्या दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात होता आणि तो वाजू नये म्हणून मी तो मुठीत आवळून धरला होता. बाळ पाच महिन्यांचं, दवाखान्यात. शिंपीणबाईंनी उरलेली अर्धी वडी उंबऱ्यावर ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हातचं म्हणून डोळे मिटून लावलं." आणि तुम्ही खाली वाकून ती वडी उचललीत आणि म्हणालात, "चूक माझीच असणार."

दोन पावलं होती. मी दार ढकललं नाही.

त्यानंतर दादाने वड्यांचे साचे कचऱ्यात टाकले, गल्लीतल्या बायका तुमच्याकडून साबणही घेईनात, आणि तुम्ही तीनदा पातेली घासायला लागलात. बाळ अकरा दिवसांनी घरी आलं. मी रोज ठरवायचो, बाळ आलं की सांगेन. आलं. मग दादा मला बोलला, आणि मला कारण मिळालं. मी गेलो.

कोरफडीनेच झालं का, हे मला इथे येईपर्यंत खरंच ठाऊक नव्हतं. संशय होता. काका पाण्याबद्दल बोलायचे तेव्हा मी तिथून उठून जायचो. तुमचं पहिलं पत्र आलं, त्यात हात पुढे होत नाही असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मी तशीच वडी पुन्हा केली. तेवढंच मेण, तेवढाच गर. देवाशपथ मला वाटत होतं की ती चांगली निघेल. विसाव्या दिवशी ठिपके आले.

काकांनाही मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी कापलेली वडी माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझ्या बाळाला लावली होतीस का?"

नर्सबाईंना हो म्हणा. यापुढे मला काही सुचवायचा अधिकार नाही, तरी म्हणतो.

तुमचा


७ सप्टेंबर

वहिनी,

सात आठवडे. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवायचा, म्हणजे मी जिना उतरू नये.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. "माफ केलं असं लिहिणार नाही. खोटं लिहायची सवय तुला आहे, मला नाही." बरोबर आहे. माफी मागायला मी लिहिलंही नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, पण मागितली नाही, ती अजून मागता येत नाही.

दादाला तुम्ही पत्र वाचून दाखवलंत. तो उठला, दुकान न उघडताच कुठेतरी गेला, दिवेलागणीला आला आणि बाजारातून दोन नवीन साचे आणून ओट्यावर ठेवले. तुमच्याशी बोलला नाही, माझ्याबद्दल बोलला नाही. दादाने तुमच्यासाठी बाजारात जाऊन काही आणलेलं मी माझ्या जन्मात पाहिलेलं नाही. माझं नाव घेतलं नाही ते ठीक आहे.

तुम्ही एक ताट करून बघितलंत. सहाच वड्या. "तुझ्यावर विश्वास ठेवून नाही. कारण कळलं म्हणून." खिडकीत तारीख लिहून ठेवल्यात आणि महिना झाला तरी आतून स्वच्छ आहेत, एक कापून बघितलीत. फक्त चोळताना वाळूसारखं दाणेदार लागतं, तो काय प्रकार असं शेवटी बारीक अक्षरात विचारलंत. ते बारीक अक्षर मी बोट ठेवून वाचलं. तो दोष नाही, वहिनी. बटर सावकाश गार झालं की त्याचे दाणे धरतात. पूर्ण वितळू द्या, वितळल्यावरही थोडा वेळ मंद आचेवर धरा, मग साच्यात ओतून लगेच फ्रिजमध्ये. साबणाला फ्रिज नको, वडीला हवा. साचे, चमचा, हात कोरडे. ओला हात लावू नका. उन्हाळ्यात मऊ पडल्या तर मेण थोडं वाढवा. एवढंच. बाकी तुमचा हात मला माहीत आहे.

नर्सबाईंना महिनाअखेर नव्वद द्यायच्या आहेत. द्याल.

तुम्ही सांगितलंत की शिंपीणबाईंना मी स्वतः लिहायचं, तुमच्या तोंडून नको, आणि ते तुम्ही त्यांच्या दुकानात, जी कोणी बाई कपडे शिवायला बसली असेल तिच्यादेखत वाचून दाखवणार. कारण बोल तुम्हाला सगळ्यांदेखत लागला होता. ठीक आहे. हे वाचा:

"शिंपीणबाई, तुमच्या बाळाला झालं ते वहिनींच्या हाताने नाही. वहिनी त्या दिवसांत गावात नव्हत्या. वड्या मी केल्या. मेण कमी होतं म्हणून मी कोरफडीचा गर आणि पाणी घातलं, तिथेच त्या नासल्या. तुम्ही वडी परत घेऊन आलात तेव्हा मी दाराच्या मागे उभा होतो आणि सगळं ऐकत होतो. त्यांनी चूक आपल्यावर घेतली कारण त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं. मी काय घातलं ते मला माहीत होतं. बाळाच्या मांडीवर डाग राहिला आहे असं वहिनींनी लिहिलं आहे. ते मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा त्याला माझं नाव सांगा, वहिनींचं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा मी येऊन तुमच्यासमोर हेच बोलेन."

इथपर्यंत त्यांना. पुढचं फक्त तुम्हाला, आणि तुम्हाला वाटलं तर दादाला.

तुमच्या पत्रात एक ओळ होती, ती मी चारही वेळा भरभर वाचून पुढे गेलो. "मेण का कमी पडलं? पैसे तर मी देऊन गेले होते."

मेण कमी पडलं नव्हतं. मी आणलंच नाही. डब्याच्या तळाशी होतं तेवढ्यावर भागवलं. तुम्ही बसमध्ये चढताना माझ्या हातात मेणाचे पैसे दिलेत, आणि बस वळणावरून दिसेनाशी झाली तसा मी सरळ कामाच्या एजंटकडे गेलो आणि या कारखान्यासाठी नाव नोंदवलं. त्याने नोंदणीचे पैसे मागितले, माझ्याकडे दुसरे नव्हते. म्हणजे दादा मला दारात बोलला त्याच्या दीड महिना आधी माझं जायचं ठरलं होतं. तो बोलला नसता तरी मी गेलो असतो. त्याने हाकललं म्हणून गेलो असं मी इथे सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला पहिल्या पत्रात तेच लिहिलं, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. दादाने मला घालवलं नाही. दादाला हे नक्की सांगा. त्याच्या डोक्यावर ते दीड वर्ष आहे आणि तो कोणाला बोलणार नाही.

दवाखान्याच्या खर्चाचं शिंपीणबाईंशी मी समोर बोलेन, ते असं पोस्टाने होण्यासारखं नाही. मनीऑर्डर या पत्राबरोबरच केली आहे. जास्त पाठवता आले असते, पगार झाला आहे, पण जास्त पाठवले तर तुम्हाला वाटेल मी वर भर घालून काहीतरी झाकतो आहे. म्हणून तेवढेच, त्या दिवशी बसच्या पायरीवरून तुम्ही मोजून दिलेत तेवढेच. नव्वद वड्यांना मेण लागेल, त्यासाठी.

साडेआठशे.